दूर राहणे आणि दुरावणे



२५ मार्च २०२० पासून आपण घरात कोंडले गेलो. १२ एप्रिलचा ईस्टरही त्या वर्षी मिस्साला न जाताच साजरा केला. अंत्यविधीला २० माणसांचीच परवानगी होती. सांत्वनाला शेजारीही जाऊ शकले नाहीत. ते शल्य अनेकांच्या मनात अजून आहे. 'मी गेलो नाही, म्हणजे माझी माया कमी पडली का?'

प्रभू येशूने कुष्ठरोग्याला हात लावून बरे केले. मग आपण दूर राहिलो हे चुकले काय? आपल्या स्पर्शातून आजारच जाणार असेल, तर हात आवरणे हीसुद्धा माया आहे. त्यात अपराध नाही. परंतु आजाऱ्याला साधा फोनही केला नसेल, त्याच्या घरच्यांना वाळीत टाकले असेल, तर ती मात्र माया नव्हती. त्याबद्दल क्षमा मागायलाच हवी.

७ ऑक्टोबर २०२१ रोजी महाराष्ट्रातील प्रार्थनास्थळे पुन्हा उघडली. कारण सरले, सवय मात्र उरली. आजही मयताच्या घरी न जाता आपण मोबाईलवर चार शब्द पाठवून मोकळे होतो. तेव्हा दूर राहिलो ते दुसऱ्याच्या जिवासाठी. आज राहतो ते स्वतःच्या सोयीसाठी.

तेव्हा जिथे जाता आले नाही, अशा एका घरी या आठवड्यात जाऊ या. उशीर झाला म्हणून संकोच नको. दारे लावून बसलेल्या शिष्यांकडे पुनरुत्थित येशू स्वतःहून आला आणि त्याने त्यांना शांती दिली.