'फॉरसूथ': एका झिजलेल्या ग्वाहीची गोष्ट

'फॉरसूथ' हे इंग्रजीतलं जुनं क्रियाविशेषण. अर्थ 'खरोखर'. आज ते क्वचित कानावर पडलंच, तर कुणाला टोमणा मारताना. खरेपणाची ग्वाही देणारा शब्द अविश्वासाच्या कामाला कसा लागला?

त्यातल्या 'सूथ'चं कूळ मराठी वाचकाला परकं नाही. जुन्या इंग्रजीत सूथ म्हणजे सत्य, आणि भाषाशास्त्र त्याचं नातं थेट संस्कृत 'सत्'शी लावतं. दोन्ही शब्द 'असणे' या अर्थाच्या एकाच धातूतून निघाले. जे आहे, ते सत्य. छांदोग्य उपनिषदात उद्दालक आरुणी श्वेतकेतूला जगाचं मूळ सांगतो ते याच 'सत्'च्या आधाराने. आपला 'संत'ही याच घरातला.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज धर्मसुधारक जॉन विक्लिफच्या अनुयायांनी लॅटिन बायबल इंग्रजीत आणलं. पहिल्या अनुवादात 'परंतु', 'कारण' अशा अर्थांच्या साध्या लॅटिन अव्ययांनाही त्यांनी जागोजाग 'फॉरसूथ' लावलं. पवित्र ग्रंथातलं अक्षरही गळू नये, ही त्यामागची तळमळ. पण प्रत्येक वाक्याला ग्वाही जोडली, की ग्वाहीचं वजन उतरतं. नंतरच्या सुधारित अनुवादात हा शब्द पुष्कळ ठिकाणी गळला.

शेक्सपिअरच्या 'चौथा हेन्री'च्या पहिल्या भागात हॉटस्परची बायको 'गुड सूथ' म्हणून शपथ घेते. तो तिची थट्टा करतो: ही तर मिठाईवाल्याच्या बायकोची शपथ! दोनशे वर्षांत सूथ इतकं मिळमिळीत झालं होतं. त्याच शब्दावरून आलेलं 'सूद' हे क्रियापद आधी 'खरं ठरवणे' होतं, मग 'हो ला हो करणे' झालं आणि आता त्याचा अर्थ उरला आहे 'शांत करणे'.

मग खऱ्या बोलण्याला ग्वाही लागतेच कशाला? मत्तयच्या शुभवर्तमानात येशू शपथच वाहू नका, असं सांगतो. सतराव्या शतकातल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या लोकांनी ते शब्दशः पाळलं. शपथेवर खरं बोलायचं, तर एरवीच्या बोलण्याचं काय, हा त्यांचा सवाल होता. त्यापायी त्यांनी तुरुंगवास सोसला. अखेर 1696 मध्ये इंग्लंडच्या कायद्याने त्यांना शपथेऐवजी साधं प्रतिज्ञापूर्वक कथन करण्याची मुभा दिली. भारतीय राज्यघटनेच्या तिसऱ्या अनुसूचीतही आमदार-खासदारांपुढे आज दोन वाटा आहेत: ईश्वराला साक्ष ठेवून शपथ, किंवा त्याचं नाव न घेता गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा.