मधल्या चौकटीचा मान

कल्याणच्या अनुभवमंटपाचे स्मरण करताना आपण शून्यसिंहासनाचा आणि त्यावर विराजमान झालेल्या अल्लमप्रभूंचा उल्लेख भक्तिभावाने करतो. परंतु त्या आसनासमोर शरणांची बैठक कशी असे, हे फारसे कोणी विचारीत नाही. चामडे कमावणारे डोहर कक्कय्या, होडी वल्हवणारे अंबिगर चौडय्या, वस्त्रे धुणारे मडिवाळ माचय्या आणि बिज्जळाच्या राज्याचे भांडारी बसवण्णा एका बैठकीत बसत, असे परंपरा सांगते. अशा बैठकीत पुढे कोण, मागे कोण, आणि ते ठरविणार कोण, हा प्रश्न साधा नाही. आज तो एका यंत्राने पुन्हा आपल्यापुढे आणून ठेवला आहे.

25 मार्च 2020 पासून देशभर टाळेबंदी लागली आणि ठिकठिकाणची मासिक शिवानुभव गोष्ठी संगणकाच्या व मोबाईलच्या पडद्यावर गेली. टाळेबंदी संपली, तरी ही सोय राहिली. बेळगाव-निपाणीचे, हैदराबादचे, इंदूर-बडोद्याचे शरणबंधू प्रवासाचा खर्च न करता एका वेळी वचनचिंतनाला बसू शकतात, हा लाभ मोठाच. या सभेत प्रत्येकाचा चेहरा एका चौकटीत येतो. चौकटी कशा मांडायच्या हे कोणी माणूस ठरवीत नाही, यंत्र ठरविते. झूमसारख्या व्यवस्थेत चांगल्या संगणकावर एका वेळी 49 चेहरे मावतात, मोबाईलवर मोजकेच. बाकीचे पुढच्या पानावर जातात. कॅमेरा लावलेले आधी येतात, न लावलेले मागे पडतात. वक्त्याला मोठे दाखविण्याची रीत निवडली, तर ज्याच्या बाजूने आवाज येतो त्याला यंत्र मध्यभागी आणते. त्याला ध्वनी कळतो, अर्थ कळत नाही. एखाद्याला ठसका लागला, कोणाच्या घरात कुकरची शिट्टी झाली, तरी मान त्यालाच!

यावर एक आक्षेप येईल आणि तो खरा आहे. आपल्या सभागृहांत तरी कोणती समता होती? पहिल्या रांगेत देणगीदार, मग पदाधिकारी, कडेला भगिनी, आणि दाराशी ज्याला पायताण कुठे ठेवावे हा प्रश्न पडतो तो. त्या मानाने यंत्राला जात ठाऊक नाही, देणगीची पावती ठाऊक नाही. सर्वांना सारखीच चौकट. मग हीच शरणांची समता का म्हणू नये?

म्हणता येत नाही, असे मला वाटते. शरणांना एकमेकांचे कुळ ठाऊक नव्हते म्हणून ते एकत्र बसले, असे घडले नाही. सगळे ठाऊक असूनही ते बसले, आणि त्याची किंमत त्यांनी मोजली. ब्राह्मण मधुवरस आणि समगार हरळय्या यांच्या कुटुंबांतील विवाहसंबंधाने कल्याणात काय घडले, हे वाचकांना सांगायला नको. यंत्राची समता अज्ञानातून येते. शिवाय यंत्र भेद करीत नाही हेही पूर्ण खरे नाही. त्याचा भेद जातीऐवजी आवाजाचा, उजेडाचा आणि नेटवर्कचा आहे. शहरातल्या वकिलाचा आवाज स्वच्छ पोहोचतो. खेड्यातल्या, नातवाचा मोबाईल मागून बसलेल्या आजींचा तुटत तुटत येतो, म्हणून त्या कॅमेरा बंद करतात, आणि यंत्र त्यांना शेवटच्या पानावर नेऊन बसविते. तिथवर कोणी जात नाही. कोणी त्यांना मुद्दाम मागे बसविले नाही, म्हणून कोणाला खंतही वाटत नाही. मला यातली सर्वांत घातक गोष्ट हीच दिसते. दाराशी बसलेला माणूस निदान डोळ्यांना टोचत तरी असे.

आयदक्की लक्कम्मांची कथा येथे आठवते. मारय्यांनी रोजच्यापेक्षा अधिक तांदूळ वेचून आणले, तेव्हा त्या माउलीने जादा तांदूळ परत करायला लावले. गरजेपेक्षा अधिक घेणे म्हणजे दुसऱ्याच्या वाट्याचे घेणे, ही तिची दृष्टी. सभेतला वेळ आणि लक्ष हेही तांदळासारखेच वेचलेले धान्य आहे. जो अधिक बोलतो त्याच्याकडे यंत्र अधिक ओतते. त्याची चौकट मोठी होते, मोठी दिसली म्हणून तो आणखी बोलतो. परत करा म्हणणारी लक्कम्मा तिथे नसते.

आणखी एक गोष्ट सहज लक्षात येत नाही. या सभेत चौकटींचा क्रम सर्वांच्या पडद्यावर एकच असेल, असे नाही. माझ्या शेजारी दिसणारा तुमच्या शेजारी नसतो. मायक्रोसॉफ्टने जुलै 2020 मध्ये सर्वांना एकाच चित्रातल्या आसनांवर बसविण्याची सोय काढली, तिच्यामागे हीच उणीव भरून काढण्याचा विचार होता. परंतु आसने एका चित्रात आणली, तरी मागे राहिलेल्याला हाक मारण्याचे काम त्यातून होत नाही.

ते काम माणसाचे आहे, आणि आपल्या भाषेत ते कायक आहे. शून्यसंपादनेत अल्लमप्रभू अक्कमहादेवींना सर्वांसमोर कठोर प्रश्न विचारतात. प्रश्न कठोर खरे, पण त्या प्रश्नांमुळेच साऱ्या मंटपाला त्या तरुण शरणीचे ऐकावे लागले. अध्यक्षाचे आसन बोलण्यासाठी जेवढे, तेवढेच दुसऱ्याकडून बोलवून घेण्यासाठी असते. या व्यवस्थांत संचालकाला एखाद्याची चौकट सर्वांसाठी पुढे आणता येते, तेवढा अधिकार यंत्राने आपल्या हाती ठेवला आहे. तो बहुधा पाहुण्या व्याख्यात्यासाठीच वापरला जातो. गोष्ठी सुरू होण्याआधी संचालकाने उपस्थितांची नावे कागदावर लिहून घ्यावीत, शेवटच्या पानापर्यंत जावे, कॅमेरा बंद असलेल्यांनाही नावाने विचारावे, "आजी, या वचनावर आपल्याला काय वाटते?" उत्तर तुटत आले तर बाकीच्यांनी थांबावे. दहा मिनिटे अधिक लागतील, आणि एखाद्या वक्त्याला आपले भाषण आखडते घ्यावे लागेल.