सूर्य मावळण्यापूर्वी



द्राक्षमळ्यातील कामकऱ्यांचा दाखला (मत्तय २०:१-१६) आपणा सर्वांना चांगला ठाऊक आहे. पहाटे आलेल्याला एक दिनार, सायंकाळी पाचला आलेल्यालाही एक दिनार. प्रवचनात आम्ही धर्मगुरू बहुधा त्या शेवटच्या माणसाबद्दलच बोलतो. देवाची उदारता आणि माणसाचा मत्सर. ते योग्यच आहे. परंतु या दाखल्यातील एक लहानशी गोष्ट आपल्या कानावरून सहज निघून जाते. संध्याकाळ झाली तेव्हा धन्याने कारभाऱ्याला बोलावले आणि मजुरी चुकती करायला सांगितले. आठवडा संपल्यावर नव्हे, द्राक्षे विकली गेल्यावर नव्हे. त्याच संध्याकाळी.

येथे धनी उदारपणा दाखवत नाही. तो केवळ नियम पाळतो आहे. मजुराची मजुरी रात्रभर आपल्याजवळ ठेवू नये, असे लेवीय ग्रंथ (१९:१३) सांगतो. अनुवाद ग्रंथात (२४:१४-१५) तर सूर्य मावळण्याच्या आत ती द्यावी, असे बजावले आहे. मग तो मजूर आपल्या जातीकुळीचा असो की परका. कारणही तेथेच दिले आहे: तो गरीब आहे, त्याचा जीव त्या पैशांत अडकलेला आहे. म्हातारा तोबीत आपल्या मुलाला जाताजाता जो उपदेश करतो, त्यातही ही गोष्ट विसरत नाही (तोबीत ४:१४). एक दिनार म्हणजे तेव्हाची एका दिवसाची मजुरी. दिनार हातात आला तर त्या रात्री चूल पेटणार.

आता आपल्या वसईकडे वळू. सकाळी सात-आठच्या सुमारास नालासोपारा, विरारकडच्या मजूर नाक्यांवर जरा थांबून पाहावे. दाखल्यातला बाजार आपल्याला तेथे दिसतो. थापी-ओळंबा पिशवीत घेतलेले गवंडी, घमेली उचलणाऱ्या बायका, जव्हार-मोखाड्याकडून आलेली आदिवासी जोडपी. दहा वाजून गेले तरी काहीजण उभेच असतात. त्यांना विचारले तर शुभवर्तमानातलेच उत्तर मिळते, कोणी कामावर लावले नाही. हीच माणसे आपल्या वाडीत पाणी लावतात, आपल्या बंगल्याचा स्लॅब टाकतात, लग्नाच्या मांडवामागे भांडी घासतात.

आणि संध्याकाळी आपण काय म्हणतो? 'उद्या ये, बघू.' 'साहेब घरी नाहीत.' पूर्वी 'सुट्टे नाहीत' ही सबब फार चाले. आता फोनवरून पैसे जाऊ लागले, तर ती जागा 'नेटवर्क नाही' ने घेतली. मोठ्या बांधकामांवर मजुराला आठवड्याला थोडी खर्ची मिळते आणि उरलेला हिशेब काम संपल्यावर, असे सांगितले जाते. तो हिशेब पूर्ण होतो का, याची आपण कितीजण चौकशी करतो? 'आम्ही ठेकेदाराला दिले, आमचे काम संपले' असे म्हणणे सोपे आहे. दाखल्यातल्या धन्यालाही कारभारी होता. तरी मजुरी कोणाला, किती आणि कोणत्या क्रमाने द्यायची, हे त्याने स्वतः सांगितले.

कोणी म्हणेल, आता महिन्याचा पगार असतो, रोजच्या रोज कसे देणार? खरे आहे, आणि त्यात पाप नाही. जो दिवस ठरला तोच सूर्यास्त. एक तारीख ठरली असेल तर दहा तारीख ही रात्र झाली.

दान आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे संत थॉमस अक्वायनस यांच्याकडून आम्ही सेमिनरीत शिकलो. जे माझे आहे ते देणे हे दान. जे मुळात दुसऱ्याचेच आहे ते त्याला देणे हा न्याय. आपण ही अदलाबदल फार करतो. नाताळला कामवाल्या बाईला नवी साडी देतो, कुसवारही देतो. पण तिचे मूल तापाने फणफणले म्हणून ती तीन दिवस आली नाही, तर ते खाडे मात्र काटेकोर कापतो. शेवटी साडीही तिच्याच पैशांची ठरते!

ख्रिस्तसभेने हा विषय कधी किरकोळ मानलेला नाही. स्वर्गाकडे आक्रोश करणारी म्हणून जी पापे धर्मशिक्षण ग्रंथात (परिच्छेद १८६७) नोंदली आहेत, त्यांत हाबेलच्या रक्ताच्या जोडीला मजुरावरचा अन्यायही आहे. संत याकोबाच्या पत्रात (५:४) अडवून ठेवलेली मजुरी स्वतःच ओरडते. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात कामगाराच्या न्याय्य वेतनाची बाजू मांडली. त्यांचीच आठवण ठेवून २०२५ साली नव्या पोपमहोदयांनी लिओ चौदावे हे नाव घेतले. केवळ दोघांचे ठरले म्हणून वेतन न्याय्य होत नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. भुकेला माणूस कशालाही 'हो' म्हणतो.

आपली मुले आखातात आहेत, बोटीवर आहेत. एखाद्या कंपनीने तीन महिने पगार थकवला की सारे घर नोव्हेनाला बसते आणि आम्हालाही मिस्सात प्रार्थना करायला सांगते. आम्ही ती मनापासून करतो. तशीच प्रार्थना एखाद्या पाड्यावर, आपले नाव घेऊन, कोणी करत असेल काय?

यिर्मया संदेष्ट्याने (२२:१३-१७) राजा यहोयाकीमला याच कारणासाठी सुनावले होते. ऐसपैस वाडा, मोठ्या खिडक्या, गंधसरूचे लाकूड, वर लाल रंग; आणि काम करणाऱ्यांच्या हाती काही नाही. आपल्या धर्मग्रामात हल्ली पुष्कळ नवी घरे उभी राहत आहेत. घर आशीर्वादित करायला आपण प्रेमाने बोलावता, आम्ही आनंदाने येतो. यापुढे पवित्र पाणी शिंपडण्याआधी आम्ही एक प्रश्न विचारणार आहोत, तेव्हा कोणी राग मानू नये: गवंड्याचा हिशेब पुरा झाला का?

आपले धर्मगुरू