रडकी जीप

आमच्या नानांची जीप रडायला लागली, ते 1994 चं साल. चैत्र संपत आला होता. पारोळा ते अमळनेर अशी ती कालीपिली म्हणून चालायची. पुढे चार, मधे पाच, मागे सात-आठ आणि बाजार असला की पायरीवर लटकतील तितके. एवढं ओझं घेऊनही कधी कुरकुर न करणारी गाडी एक दिवस कण्हायला लागली. आवाज फार मोठा नव्हता. बारीक, सलग, पिठाच्या चक्कीचा पट्टा दुरून ऐकू यावा तसा. ॲक्सिलेटर वाढवला की चढायचा, सोडला की उतरायचा. माय चुलीपाशी बसल्या बसल्या म्हणाली, "गाडी रडी ऱ्हायनी."

आवाज इंजिनबरोबर चढतो-उतरतो म्हणजे दुखणं इंजिनातच, हे सगळ्यांनी धरून टाकलं. एकाने ऑइल बदललं. दुसऱ्याने फॅनबेल्ट ताणला. तिसऱ्याने डायनामोचं बेअरिंग बदलून पैसे घेतले. आवाज होता तिथेच होता. शेवटी नाना जीप धुळ्याला, पारोळा रोडवरच्या एका म्हाताऱ्या मिस्तरीकडे घेऊन गेले. मीही बरोबर होतो.

त्या मिस्तरीने आल्या आल्या पाना हातात घेतला नाही. बिडी विझवली आणि जीप जागेवर चालू ठेवायला सांगितली. मग लांब पेचकसाचं टोक इंजिनवर ठेवलं आणि मूठ कानामागच्या हाडाला लावून ऐकू लागला. डायनामो, वॉटर पंप, टायमिंगची बाजू, एकेका ठिकाणी डोळे मिटून. 1816 मध्ये पॅरिसमध्ये लाएनेक नावाच्या डॉक्टरने कागदाची सुरळी करून रुग्णाच्या छातीला लावली आणि त्यातून स्टेथोस्कोप जन्मला, हे मी पुढे वाचलं. तेव्हा मला हा मिस्तरीच आठवला. लोखंड आवाज लांबवर नेतं. जिथे ऐकू येतो तिथेच तो उठला असेल असं नसतं, म्हणून जागा बदलून बदलून ऐकावं लागतं.

मग त्याने फॅनबेल्ट काढला आणि अर्धा मिनिट इंजिन चालवलं. बेल्टवर चालणारं सगळं थांबलं, तरी आवाज कायम. म्हणजे डायनामो, पंप सुटले. मग तो नानांना म्हणाला, "क्लच दाबा." नानांनी दाबला. आवाज गेला. "सोडा." आवाज परत आला. असं तीनदा केलं.

"इंजिनले काही व्हयेल नही," मिस्तरी म्हणाला. "दुखनं मांगे शे."

त्याने समजावून सांगितलं. गाडी न्यूट्रलमध्ये उभी असली तरी क्लच सोडलेला असतो तोवर गिअरबॉक्सचा पुढचा शाफ्ट इंजिनबरोबर फिरतच असतो. म्हणून आवाज इंजिनबरोबर चढायचा आणि सगळे फसले. क्लच दाबला की तो शाफ्ट थांबतो. त्याचं बेअरिंग खलास होत आलं होतं. चालेल महिना, चालेल चार महिने. पण गेलं की गिअर निसटेल नाहीतर गिअरबॉक्स जाम होईल. उघडल्यावर आत आणखी काय निघेल ते सांगता येणार नाही, असंही तो म्हणाला. ऐकण्याचे त्याने फक्त दहा रुपये घेतले.

परत येताना नाना गप्प होते. कारण जीप विकायची होती. ताईचं लग्न वैशाखात ठरलेलं, वीस दिवसांवर. त्या साली कपाशीने हात दिला नव्हता. गिअरबॉक्स उघडायला ना पैसा होता ना वेळ. गिऱ्हाईकही बोलून ठेवलेलं होतं, बहात्तर हजाराला.

दलालाला आवाजाचं कळलं तेव्हा तो हसला. "जाड ऑइलमा दोन मूठ बुरादा टाकी द्या. दोन महिना आवाज येवाव नही." लाकडाचा भुसा ऑइलमध्ये मिसळला की दातऱ्यांचा आणि बेअरिंगचा आवाज काही काळ दबतो. जुनी युक्ती आहे ही, आपल्याकडचीच आहे असं नाही.

मी तेव्हा अमळनेरला बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. व्यापारी कायदा नुकताच शिकलो होतो आणि ते शिक्षण कुठेतरी वापरायला हात शिवशिवत होते. मी नानांना म्हटलं, भुसा टाकू नका, तो गुन्हा होईल. पण आपण होऊन सांगायचीही गरज नाही. 1872 च्या करार कायद्यात कलम 17 आहे. माहीत असलेली गोष्ट मुद्दाम झाकली तर ती फसवणूक. नुसतं गप्प बसणं ही सहसा फसवणूक नव्हे. त्यात घोड्याचं उदाहरणच दिलंय: घोड्यात खोट आहे हे विकणाऱ्याला माहीत आहे, तो लिलावात काहीच बोलत नाही, तरी ती फसवणूक ठरत नाही. सारंगखेड्याच्या यात्रेत तरी वेगळं काय होतं? घेणाऱ्याने दात बघून घ्यावेत.

नानांनी सगळं ऐकून घेतलं. एवढंच विचारलं, "जवलोंग माहीत नव्हतं, तवलोंग गोष्ट येगयी व्हती. आते माहीत शे. मंग?"

या 'मंग'चं उत्तर माझ्या पुस्तकात नव्हतं. मिस्तरीकडे जाण्याआधी जीप विकली असती तर नाना निर्दोष होते. आवाज तोच, गाडी तीच, गिऱ्हाईक तेच. फरक पडला तो अर्ध्या तासाच्या ऐकण्याने. दुखणं कळलं, तशी जबाबदारीही गळ्यात पडली. बरेच लोक गाडीचा आवाज काय किंवा छातीतली कळ काय, दाखवायला जात नाहीत, त्याचं एक कारण हेही असावं. कळलं की मग काहीतरी करावं लागतं.

गिऱ्हाईक आलं. साक्रीकडचा पोरगा, माझ्याहून तीन-चार वर्षांनी मोठा असेल. बैलजोडी विकून आणि वर उसनवारी करून पैसे जमवलेले. दहिवेल ते विसरवाडी पॅसिंजर मारणार होता, म्हणजे रोज कोंडाईबारीचा घाट चढायचा-उतरायचा. त्याने बॉनेट उघडून उगाच आत बघितलं, टायरला लाथ मारली आणि म्हणाला, "नाना, माले गाडीनं काही समजत नही. तुम्ही सांगशात तेच खरं."

त्याच कलमात घोड्याचं आणखी एक उदाहरण आहे. घेणारा म्हणतो, तुम्ही नाही म्हणाला नाहीत तर मी घोडा चांगला आहे असं समजेन. अशा वेळी गप्प बसणं हे बोलण्यासारखंच धरलं जातं. मला ते पाठ होतं. नानांना सांगताना मी ते सोयीने गाळलं होतं.

नानांनी त्याला सीटवर बसवलं, जीप चालू केली. "क्लच दाब. आयक. आते सोड." त्याला आधी काहीच कळलं नाही. नानांनी तीन-चारदा करून दाखवलं, मिस्तरीने केलं होतं तसंच. मग पोराचा चेहरा बदलला. आवाज त्याला सापडला होता.

सौदा चौसष्ट हजारावर तुटला. आठ हजार गेले. त्यातले निम्मे दुरुस्तीचे असतील, बाकीचे भीतीचे.

अमळनेरला तत्त्वज्ञान मंदिर आहे. 1916 साली प्रतापशेठजींनी ते उभं केलं. मी कॉलेजच्या दिवसांत कितीदा त्याच्यावरून गेलो, आत काय चालतं याची कधी चौकशी केली नाही. पुष्कळ वर्षांनी सिसेरो या रोमन माणसाने मुलासाठी लिहिलेलं कर्तव्यावरचं पुस्तक हाती आलं. दोन हजारांहून जास्त वर्षांपूर्वीचं. त्यात एक माणूस घर विकतोय. लाकडं कुजलेली, खोल्यांतून साप निघतात, आणि हे फक्त त्यालाच माहीत. सांगावं की नाही? दोन तत्त्वज्ञ भांडतात. एक म्हणतो, न सांगणं म्हणजे लपवणं नव्हे. दुसरा म्हणतो, वाट चुकलेल्याला वाट न दाखवण्याहून हे वाईट. सिसेरो दुसऱ्याच्या बाजूने जातो. आपल्या फायद्यासाठी दुसऱ्याला अंधारात ठेवणं, हेच लपवणं, असा त्याचा निवाडा. वाचताना मला पारोळ्याचं अंगण दिसत होतं.

इथे ही गोष्ट संपवली असती तर नानांचा फोटो भिंतीवर शोभला असता. पण ते आठ हजार कुठून तरी यायचेच होते. लग्नाच्या आठवडाभर आधी मायच्या पाटल्या सोनाराकडे गेल्या. त्या परत आल्या नाहीत.

नाना गेल्यावर एकदा मी मायला हे सगळं सांगत होतो. नाना किती सरळ माणूस, कसा क्लच दाबायला लावला, वगैरे. ती शेंगा फोडत होती. म्हणाली, "मनी ना नव्हती. पन माले कोनी इचारं?"

नाना चुकले असं मी अजूनही म्हणणार नाही. त्या पोराला न सांगता जीप दिली असती आणि कोंडाईबारीत काही झालं असतं, तर आमच्या घरात कोणाला झोप लागली नसती, मायलाही नाही. पण खरं बोलण्याची किंमत बोलणाऱ्याने एकट्याने ठरवली आणि ती दिली तिसऱ्याच माणसाने, हेही तितकंच खरं. नानांनी परक्याला अंधारात ठेवलं नाही. घरातलं माणूस मात्र राहून गेलं. गाडी रडते आहे, हे सगळ्यांच्या आधी तिनेच ऐकलं होतं.