पैनगंगा कुठं संपते?

आईच्या अस्थी आम्ही जुगादच्या संगमावर नेल्या. अलीकडे वणी तालुक्यातलं जुगाद, पलीकडे चंद्रपूर जिल्ह्यातलं वढा आणि मधे पैनगंगा वर्धेला मिळते. आईचं माहेर झरी जामणी तालुक्यात, पैनगंगेच्या काठी. सासर पाटाळ्याच्या पुलाच्या अलीकडे, वर्धेच्या काठी. त्यामुळे कुठं जायचं हा विषयच घरात निघाला नाही.

मी २८ वर्षं शाळेत भूगोल शिकवला. फळ्यावर यवतमाळ जिल्हा काढायचा तर आधी दोन नद्या काढायचे: पूर्वेला वर्धा, दक्षिणेला पैनगंगा. वर्धा मुलताईजवळ सातपुड्यात उगम पावते. पैनगंगा बुलढाण्याकडच्या अजिंठ्याच्या डोंगरातून निघते, सहस्रकुंडाला कड्यावरून कोसळते, पूस, अरुणावती, अडाण यांना पोटात घेते आणि संगमावर पोचेपर्यंत ६७६ किलोमीटर चाललेली असते. वर्धेची तर सगळी लांबीच ५२८. तरी संगमाच्या पुढं नाव वर्धेचं! एका वर्षी सातवीतल्या एका मुलीनं विचारलं, "बाई, लांबून तर पैनगंगा आली, मग नाव तिचं काहून नाही?" ती उपनदी आहे म्हणून, असं मी सांगितलं. हे उत्तर नव्हे, हे मला तेव्हाही कळत होतं.

जगभर हेच आहे. जर्मनीत पासाउला इन नदी डॅन्यूबला मिळते. वर्षाच्या सरासरीनं तिथं इनचं पाणी डॅन्यूबपेक्षा जास्त भरतं, पण पुढं काळ्या समुद्रापर्यंत नाव डॅन्यूबचंच चालतं. तेही कुठं दोनाउ, कुठं दुना, कुठं दुनाव, जशी काठावरची जीभ वळेल तसं. लांबी मोजा, पाणी मोजा, नियम हाती लागत नाही. नाव माणसं ठेवतात. नदीला कोण विचारतं?

उपनिषदांना हा दाखला फार प्रिय. मुंडकात नद्या नाम-रूप टाकून समुद्रात मिळतात. ज्ञानी माणूसही तसाच परतत्त्वात मिळतो. छांदोग्यात उद्दालक श्वेतकेतूला सांगतो की तिथं पोचलेल्या नद्यांना आपण अमुक नदी होतो हे आठवतही नाही. मला हे मनापासून पटतं. पण दोन्हीकडे नाव गळतं ते समुद्रात, आणि तिथं ते सगळ्यांचंच गळतं. वर्धेचं नाव तर त्याच्याही आधी, वैनगंगेला भेटून प्राणहिता होताना जातं. तिथं निदान दोघी आपापलं नाव मागं ठेवून पुढं निघतात. जुगादला मात्र एकीचं जातं, दुसरीचं राहतं. याला मुक्ती कसं म्हणायचं? सुटणं वेगळं आणि सोडायला लावणं वेगळं.

आईचं नाव लग्नात बदललं. ताटात तांदूळ पसरले, वडिलांनी त्यावर अंगठीनं नवं नाव लिहिलं. ते तिनं नीट वाचायच्या आत कुणीतरी ताट उचललं आणि दुसऱ्या दिवशी तेच तांदूळ पंगतीला शिजले. हे ती तांदूळ निवडता निवडता सांगायची, तक्रारीचा सूर न लावता. "पाणी तेच असते ना, बाई," म्हणायची. ही तिची समज होती की सवय, हे मला आजही ठरवता येत नाही. समज असेल तर उपनिषद वाचणाऱ्या माझ्यापेक्षा ती कितीतरी पुढं होती. पण मामा आला आणि फाटकातूनच त्यानं जुन्या नावानं हाक मारली की हातातलं सूप टाकून ती उठायची. तशी ती दुसऱ्या कुणाच्या हाकेला उठली नाही. ते नाव मी इथं लिहीत नाही. ते त्या दोघांचं होतं.

संगमावर भाऊ डोंग्यात बसला. महाराजांनी गेलेल्या बाईचं नाव विचारलं. भावानं सांगितलं, सातबाऱ्यावर होतं ते. मामा काठाला गुडघाभर पाण्यात उभा होता, काठी वाळूत रोवून. तो तिथूनच मोठ्यानं दुसरं नाव बोलला. महाराज थांबले. त्यांनी एकदा मामाकडे पाहिलं, ओंजळीतलं पाणी सोडून दिलं, नवं घेतलं आणि दोन्ही नावं घेऊन पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागले.