आडनाव आणि माणूस

परगावी गेलेल्या मराठी माणसाचे नुसते नाव सांगून भागत नाही. 'आडनाव काय?' हा प्रश्न पाठोपाठ येतोच. परभणी जिल्ह्यातून शिक्षणासाठी वा पोटासाठी पुण्याकडे निघालेल्या तरुणाला भाड्याची खोली शोधताना तो अनेकदा ऐकावा लागतो. आडनावावरून उलगडा झाला नाही, तर 'मूळचे कुठले?' अशी पुस्ती जोडली जाते. विचारणाऱ्याला पुष्कळदा गाव नव्हे, जात जाणून घ्यायची असते.

या प्रश्नाचा विचार करताना आम्हांला फादर मॅथ्यू लेदर्ले या जर्मन येशूसंघीय धर्मगुरूंची आठवण होते. मध्ययुगात जर्मनीतील शहरे वाढली. एकाच नावाची अनेक माणसे शेजारी राहू लागली. तेव्हा ओळख पटावी म्हणून नावापुढे धंदा जोडण्याची रीत पडली. लोहार तो श्मिट, पिठाच्या गिरणीचा तो म्युलर, शिंपी तो श्नायडर. पुढे मुलांनी धंदा सोडला, तरी नाव उरले. 'लेदर' म्हणजे जर्मन भाषेतही कातडेच. त्याला दक्षिणेकडील बोलीतला 'ले' हा लघुत्वदर्शक प्रत्यय लागला आणि 'लेदर्ले' हे आडनाव सिद्ध झाले. त्याच्या मुळाशी कातड्याचे काम आहे.

हे आडनाव घेऊन फादर महाराष्ट्रात आले. पुण्याच्या शनिवार पेठेतील 'स्नेहसदन'मधून त्यांनी हिंदू शेजाऱ्यांशी संवाद साधला. आधुनिक महाराष्ट्रातील तत्त्वचिंतनावरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९७६ साली प्रसिद्ध झाला. १९८६ साली ते निवर्तले. विद्वानांच्या बैठकीत त्यांच्या आडनावातील कातड्याचा वास कोणाला आल्याचे आम्ही ऐकलेले नाही. मात्र तेच काम पिढ्यान्‌पिढ्या करणाऱ्या मराठी घराण्यातील मुलगा जेव्हा त्याच शहरात खोली मागतो, तेव्हा तो वास कित्येकांना दारातच येतो.

दोन्हीकडे नाव कामावरूनच पडले, मग हा भेद का? तेथे काम सुटले की नाव निव्वळ नाव राहिले. येथे काम जन्माशी बांधले गेले आणि जन्माला शुद्ध-अशुद्धतेचे माप लावले गेले. वास्तविक कामाची लाज बाळगण्याची शिकवण या मातीची नव्हे. ज्यांचे मूळ गाव मानले जाते ते नरसी १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते, त्या संत नामदेवांनी आपले शिंपीपण लपविले नाही. उलट शिवणकामाच्या उपकरणांनाच त्यांनी नामस्मरणास जुंपले. त्यांची ६१ पदे शिखांच्या गुरू ग्रंथसाहिबात आदराने समाविष्ट आहेत.

मग ओळख पुसण्यासाठी जो आडनाव बदलतो, तो खोटे वागतो काय? आम्हांला तसे वाटत नाही. ज्याला सत्य सांगितल्याबद्दल दारातून परत पाठविले जाते, त्याच्या मौनाचा दोष दार लावणाऱ्याकडे जातो. तथापि, नाव बदलल्याने प्रश्न मिटत नाही. तो पुढच्या दारापर्यंत लांबतो.

प्रेषितांच्या कृत्यांत याचे उत्तर आहे. संत पेत्र यापो येथे कातडी कमावणाऱ्या शिमोनाच्या घरी पुष्कळ दिवस राहिले. मेलेल्या जनावरांशी संबंध येणारा हा धंदा यहुदी समाजात हीन मानला जाई. तरीही, कोणत्याही मनुष्याला अशुद्ध म्हणू नये, ही जाणीव पेत्राला करून देणारा दृष्टांत त्याच घराच्या गच्चीवर झाला. देवाने ती जागा का निवडली असावी, याचे मनन आपण करावे.

औरंगाबाद धर्मप्रांत १९७७ साली स्थापन झाला. परभणी जिल्हा त्यातच येतो. तेथील कष्टकरी ख्रिस्ती कुटुंबे आणि किनाऱ्यावरील जुनी घराणी एकाच वेदीभोवती प्रभुभोजन घेतात. मात्र सोयरीक जुळविताना आपणही 'मूळचे कुठले?' असे विचारतोच ना? स्नानसंस्काराच्या वेळी धर्मगुरू आईवडिलांना बाळाचे नाव विचारतात. आडनावाची चौकशी आपण नंतर, घरी आल्यावर सुरू करतो.