नाही म्हणण्याची मोकळीक

आपल्या शेजाऱ्याला ख्रिस्ताच्या विश्वासाकडे बोलवावे की बोलवू नये, हा प्रश्न आज आपल्यातल्याही अनेकांना अवघड वाटतो. राज्यघटनेच्या २५ व्या कलमाने धर्मप्रचाराचे स्वातंत्र्य दिले आहे. मात्र दुसऱ्याचे धर्मांतर घडवून आणण्याचा हक्क त्यात येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७७ साली स्टॅनिस्लॉस खटल्यात दिला. बळजबरी, फसवणूक व आमिष यांविरुद्ध कित्येक राज्यांत कायदे आहेत. ते कसे राबविले जातात याविषयी आपली गाऱ्हाणी आहेत, आणि ती निराधार नाहीत. पण समजा, उद्या असा एकही कायदा उरला नाही, तरी आपल्या अंतःकरणाला एक प्रश्न पुसावाच लागेल : आपल्या आमंत्रणात समोरच्याला नाही म्हणायला जागा असते काय?

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील धनवान मनुष्य आठवा. तो धावत आला, गुडघे टेकून बसला. येशूने त्याच्याकडे पाहून त्याच्यावर प्रीती केली आणि अनुसरण्याची किंमत स्पष्ट सांगितली. तो खिन्न होऊन निघून गेला. प्रभूने त्याला हाक मारून थांबविले नाही, किंमतही कमी केली नाही. (असा संपन्न मनुष्य आपल्या मंडळीच्या दारातून परत जाऊ लागला, तर आपली पंचकमिटी काय करील, कोण जाणे!) त्याला जाऊ देणे हा त्या प्रीतीचाच भाग होता.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांना ख्रिस्ताकडे वळविणारे पहिले आमंत्रण आगगाडीत मिळाले. एका अनोळखी युरोपीय सहप्रवाशाने त्यांच्याशी काव्यावर गप्पा मारल्या, नवा करार हाती दिला आणि तो आपल्या वाटेने गेला. त्याचे नावही कधी कळले नाही. पुढे १८९५ साली टिळकांचा बाप्तिस्मा झाला. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा मात्र १९०० सालचा. मधल्या पाच वर्षांतले दुःख ‘स्मृतिचित्रे’ वाचलेल्यांना सांगावयास नको. पतीने बोट धरून ओढलेली पत्नी ती नव्हे. जातिभेद खोटा, हा निर्णय तिच्या स्वतःच्या मनाने केला. म्हणूनच तिच्या विश्वासाला तिचा स्वतःचा आवाज आहे.

टिळकांनी १९१७ साली ‘देवाचा दरबार’ काढला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांबरोबर न घेतलेल्यांनाही स्थान होते. त्यावर तेव्हा आक्षेप आले, आजही येतील. बाप्तिस्म्याचे महत्त्व कमी लेखावे असे मीही म्हणणार नाही. परंतु ज्याचा निर्णय व्हायचा आहे त्याने तोवर बसावे कोठे, ही गोष्ट टिळकांना सुचली होती. आपण मात्र पाहुण्याला पूर्वीची जात कोणती, लग्न कोणत्या पद्धतीने झाले, असले प्रश्न मंडळीच्या पायरीवरच विचारतो, आणि मग तो पुन्हा आला नाही की त्याचे मन कठीण म्हणतो!

वर्षानुवर्षे उपासनेला येऊन अद्याप बाप्तिस्मा न घेतलेले एखादे गृहस्थ आपल्याही मंडळीत असतील. मग ती मंडळी पुण्याची असो, इंदूरची असो वा दिल्लीची. अजून किती दिवस, असे त्यांना विचारू नका. प्रभुभोजनाची रीत त्यांना आधी एकांतात समजावून सांगा, म्हणजे ऐनवेळी त्यांना संकोच वाटणार नाही. नाताळात त्यांना घरी जेवावयास बोलवा. आणि त्यांनी आपल्या विश्वासाला नाही म्हटले, तर त्यानंतरच्या नाताळातही बोलवा.